दोष दिसत नाही

माझा आवाज लहानपणापासून हळू आहे. शाळेत संगणक शिकवत होतो तेव्हा मागच्या बाकावरची मुले कानामागे हात धरून ऐकत, आणि मी आवाज चढवण्याऐवजी त्यांना पुढे बोलावून घेत असे. लोक या हळू बोलण्याला नम्रता म्हणतात. स्वतःला तपासायला बसतो तेव्हा मला मात्र तसे ठामपणे म्हणता येत नाही. त्यात नम्रता किती आणि समोरचा रागावू नये ही धास्ती किती, हे पन्नाशी उलटली तरी मला वेगळे काढता आलेले नाही.

नोकरी सोडल्यापासून मी केडगावला, घराच्या पुढच्या खोलीत, संगणक दुरुस्त करतो. या कामात मेलेला भाग शोधणे सर्वांत सोपे. जळलेला वीजपुरवठ्याचा डबा वासावरूनच कळतो. अवघड असते ते अधूनमधून बिघडणारे यंत्र, आणि त्यातही रॅमचा दोष. रॅम म्हणजे संगणकाची चालू घडीची स्मरणशक्ती. वीतभरापेक्षा लहान हिरवी पट्टी, मदरबोर्डवरच्या खाचेत उभी बसवलेली. ही स्मरणशक्ती बिघडली तर ती आपण विसरलो असे कधी कबूल करत नाही. ती विचारल्याबरोबर उत्तर देते, आणि चुकीचे देते. कधी यंत्र गोठते, कधी निळा पडदा येतो, कधी काहीच होत नाही आणि एखादा आकडा मात्र निमूटपणे बदललेला असतो. असे झाले की दोष पहिल्यांदा यंत्रावर येत नाही. तो खुर्चीवर बसलेल्या माणसावर येतो.

नाताळ जवळ आला होता. हिवरे बाजारच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर एक लहान गाव आहे. तिथल्या दूध संकलन केंद्राच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. दिवाळीनंतर केंद्रातला संगणक विचित्र वागू लागला होता. सकाळच्या गर्दीत मधेच बंद पडे. एका शेतकऱ्याचे दूध दुसऱ्याच्या नावावर गेले होते. एका गाईच्या दुधाला तर पावतीवर असा फॅट, म्हणजे भाव ठरवणारा स्निग्धांश, छापून आला की म्हशीनेही लाजावे. एका सकाळची सगळी नोंद नाहीशी झाली, तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली.

मी दुपारी पोहोचलो. पत्र्याखालची एक खोली, दाराशी ओटा, ओट्यावर वजनकाटा, आत दूध तपासायचे यंत्र आणि भिंतीला लावलेले टेबल. टेबलावर संगणक. भिंतीपलीकडे दूध गार करणारा मोठा कूलर. दुपारचा तो बंद होता, आणि सगळे शांत होते. एक बाई ओले फडके घेऊन काटा पुसत होत्या. चाळिशीच्या असतील, कपाळ मोकळे. सेक्रेटरी त्यांच्या देखतच मला म्हणाले, “सर, मशिन बघा तुमी, पन मशिनचं काय नसनार. आमची बाई बघायला पायजे खरं तर.” आणि हसले. मी हसलो नाही. पण काही बोललोही नाही.

मग त्यांनी मला ओट्याबाहेर नेऊन बाकीचे सांगितले. बाईंचे पती केंद्राच्या दुधाचा टेम्पो चालवत. ते गेल्यावर कमिटीने दया म्हणून ही खुर्ची त्यांना दिली. आता त्या दिराच्या दुधाचा फॅट वाढवतात आणि अंगाशी आले की नोंदच पुसतात, असा लोकांना संशय होता. लोकांना म्हणजे कोणाला, हे मी विचारले नाही. येत्या सोमवारी संध्याकाळी कमिटीची बैठक होती. यंत्र चांगले असल्याचे मी एकदा सांगितले की खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्यायची, असे जवळजवळ ठरलेच होते.

मी संगणक चालवून पाहिला. तो गुणी मुलासारखा चालला. मग कॅबिनेट केडगावला आणले आणि मेमरीची चाचणी लावली. ही चाचणी रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहिते, लगेच वाचून बघते, आणि लिहिलेले व वाचलेले जुळले नाही की पडद्यावर लाल ओळ उमटवते. दिवसभर चाचणी चालली. एकही लाल ओळ आली नाही. मी फोन करून सेक्रेटरींना सांगितले की दोष दिसत नाही. ते म्हणाले, म्हणजे मशिन चांगले आहे. मी म्हणालो, मला दिसत तरी नाही. “त्येच की,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिसत नाही आणि नाही, यांतला फरक मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवला होता. त्या क्षणी पुन्हा फोन लावून तो एका प्रौढ माणसाला सांगणे मला जड गेले. कॅबिनेट त्यांच्या टेम्पोतून परत गेले, आणि त्याच्याबरोबर माझे वाक्यही गेले.

शनिवारी त्या बाईंचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. “सर, तुमी मशिन चांगलं हाय म्हनालात. मग वाईट कोन, त्ये बी सांगा.”

मी म्हणालो, ताई, मी तसे म्हणालो नाही. त्यावर त्यांनी विचारले की मग मी कसे म्हणालो होतो. मी माझे वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या की गावात ते वाक्य एवढे लांब नाही. आणि आणखी एक सांगून ठेवते, असे म्हणून त्यांनी सांगितले की खुर्ची त्या सोडणार नाहीत. कमिटीने काढले तर काढले, पण आपल्या पायाने त्या उठणार नाहीत. आवाजात रडण्याचा लवलेश नव्हता. मला तो असता तर बरे वाटले असते; रडणाऱ्या माणसाची समजूत घालून मोकळे होता येते.

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला पापकबुलीची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. केलेल्या गोष्टींबरोबर करायच्या राहून गेलेल्या गोष्टींचीही क्षमा मागतात. माझे वडील, आजोबा याच बाकांवर बसून ती म्हणत आले. त्या रविवारी मी ओठ हलवू लागलो आणि मधेच थांबलो. आज क्षमा मागून उद्या घरी बसण्यापेक्षा उद्या जाऊन यंत्र पुन्हा उघडावे, असा काहीसा उद्धट विचार मनात आला. एरवी असे विचार मी परतवून लावतो. तो मी राहू दिला.

उपासनेनंतर दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. यंत्र बिघडते ते सकाळच्या गर्दीत. सेक्रेटरींच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की लबाडी गर्दीतच करता येते. पण मी ते यंत्र दुपारी तपासले होते, घरी तपासले होते. ते जिथे आणि जेव्हा बिघडत होते ती एकच जागा आणि एकच वेळ मी सोडली होती.

सोमवारी उजाडताच मी मोटारसायकलने निघालो. थंडी इतकी की हातमोज्यांतही बोटे बधिर झाली. पोहोचलो तेव्हा ओट्यापुढे कॅन आणि किटल्यांची रांग लागली होती. बाई खुर्चीवर होत्या. मी पेन ड्राइव्ह काढला आणि सांगितले की आत्ता, याच वेळी, चाचणी लावायची आहे. तेवढा वेळ संगणकावर नोंदी करता येणार नाहीत.

सेक्रेटरी पुढे आले. “सर, गर्दीच्या टायमाला मशिन बंद करता व्हय? तुमीच चांगलं म्हनालात ना?”

“मी तसं म्हणालो नव्हतो,” मी म्हणालो. “आणि आज तपासू दिलं नाही, तर संध्याकाळच्या बैठकीत येऊन मी हेच सगळ्यांसमोर सांगेन.”

माझा आवाज नेहमीएवढाच होता. फरक इतकाच की मी वाक्य अर्धवट सोडले नाही. सेक्रेटरींनी माझ्याकडे असे पाहिले जणू वजनकाटाच बोलला. ते काही म्हणायच्या आत बाईंनी ड्रॉवरमधून कोरे कागद काढले होते. तपासणी यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर फॅट दिसतो, तो बघून त्या हाताने लिहू लागल्या. पुढचा नंबर त्यांनी नेहमीच्याच खणखणीत आवाजात पुकारला.

चाचणी सुरू झाली. पडद्यावर आकडे धावत होते, लाल काही नव्हते. दूध घालून झालेले लोकही निघेनात. दारात गर्दी झाली. एकाने विचारले, “सर, पिच्चर कवा चालू व्हायचा?” ज्यांच्या गाईला तो अचाट फॅट लागला होता ते म्हातारबाबा मागून म्हणाले, “मशिन दुरुस्त करू नका, सर. माजी गाय पैल्यांदाच तूप द्यायला लागलीय.” लोक हसले. बाईसुद्धा लिहिता लिहिता हसल्या. मला हसू आले नाही. पडदा स्वच्छ होता, आणि तो असाच स्वच्छ राहिला तर या बाईंची उरलीसुरली बाजूही मीच माझ्या हाताने मोडणार होतो.

कॅन रिकामे होत गेले, कूलर भरत गेला, आणि पलीकडच्या खोलीत कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. भिंत घुमली. भिंतीला टेकलेले टेबल घुमले. माझ्या चहाच्या कपात बारीक वलये उठली. आणि पडद्यावर एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग पडदा भरून लाल ओळी खालून वर सरकू लागल्या.

दारातले हसणे थांबले. त्या ओळींत काय लिहिले आहे ते कोणालाच कळत नव्हते, पण लाल रंग सगळ्यांना कळतो.

मी लोकांना सांगितले की हे यंत्र आत्ता लिहिते एक आणि वाचते दुसरे. कीबोर्डला कोणाचा हात लागलेला नसतानाही. सेक्रेटरींनी मान हलवली, मग म्हणाले की बरे झाले, ती पट्टी बदलून टाका. पण पट्टीच खराब आहे हे अजून ठरायचे होते. एकदा अर्ध्यावर थांबून मी काय केले होते ते आठवत होते. मी संगणक बंद केला, वीज काढली, बाजूचे झाकण उतरवले. आत दोन पट्ट्या दोन खाचांत होत्या. एक काढून ठेवली आणि दुसरी पहिल्या खाचेत बसवून चाचणी लावली. कॉम्प्रेसर धडधडतच होता; पडदा स्वच्छ. पट्टी बदलून तीच खाच, तरी स्वच्छ. म्हणजे दोन्ही पट्ट्या निर्दोष. मग एकेक पट्टी दुसऱ्या खाचेत घातली. कोणतीही घातली तरी लाल.

दोष खाचेत होता. मी मोबाईलची बत्ती लावून आत वाकलो.

खाचेच्या कडेला, पट्टीला टेकणाऱ्या सोनेरी टाचण्यांच्या बुडाशी, लालसर पिवळा थर वाळून बसला होता. मी कापसाला स्पिरिट लावून आत फिरवला. कापूस बाहेर आला तो लाल, कडेला पिवळा. त्यात तांदळाच्या दाण्याचा एक तुकडा होता. मी या खाचेत मुळात बसवलेल्या पट्टीच्या वरच्या कडेकडे नीट पाहिले. तिथे बोटाचा एक फिकट ठसा राहिला होता.

मला ते काय आहे ते कळले, आणि कळताच मी तो कापूस मुठीत झाकला. हा माझा जुना स्वभाव. नुसती धूळ होती म्हणावे, झाकण लावावे, घरी जावे. बाईंची खुर्चीही वाचेल. मी मान वर केली. बाई लिहायच्या थांबल्या होत्या आणि माझ्या मुठीकडे बघत होत्या.

“काय निगालं?” सेक्रेटरींनी विचारले.

मी बाईंकडेच बघत राहिलो. त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “कुंकू निगालं आसंल. मी लावल्यालं.”

दारात चुळबूळ झाली. त्या पुढे सांगत राहिल्या, कोणाकडे न बघता. खंडेनवमीला केंद्रातल्या काट्याची आणि यंत्रांची पूजा होते. कमिटीच्या चेअरमनच्या पत्नी येतात, सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावतात. बाईंना तेव्हा सांगितले जाते की तुम्ही प्रसादाचे बघा. दरवर्षी त्या प्रसादाचे बघत आल्या. या वर्षी त्या पहाटे लवकर आल्या, धूळ काढताना मेकॅनिक उघडतो तसे झाकण उघडले, आणि कोणाला दिसणार नाही अशा जागी, आत, त्या हिरव्या पट्टीला ओले हळदकुंकू आणि अक्षता लावून झाकण पुन्हा बसवले.

सेक्रेटरींचा चेहरा बदलला. “म्हंजे बिगाड तूच केलास की. आन् तुला कुनी सांगितलं कुंकू लावायला? तुजं काय काम त्यात?”

“वरीसभर त्ये माज्यासंगं राबतं,” बाई म्हणाल्या. “तुमी सनाला येता, नारळ फोडता आन् जाता. मी न्हाई लावायचं तर कुनी लावायचं?”

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. बघा सर, असे म्हणत त्यांनी मलाच साक्षीला धरायला सुरुवात केली. चूक तिचीच निघाली ना. मी म्हणालो की तक्रार लबाडीची होती आणि लबाडी झालेली नाही. खाचेत ओलसर कुंकू उतरले, ते वाळले, कूलर हादरला की पट्टीचा सांधा सुटू लागला. आकडे बदलले ते त्यामुळे. ते चिडले. “सर, तुमाला आमच्या कुंकवातलं काय कळतंय?”

ही टोचणी माझ्या ओळखीची आहे. असे बोलणे लहानपणापासून कधी चेष्टेत, कधी खरेच ऐकत आलो आणि दर वेळी मान खाली घातली. त्या सकाळी मी मूठ उघडून कापूस टेबलावर ठेवला.

“कुंकवातलं कळत नाही,” मी म्हणालो. “खाचेतलं कळतं. आणि मागच्या वेळी मी दोष दिसत नाही म्हणालो, ते अपुरं तपासून म्हणालो. ते मी मागे घेतो. यांच्यावर काही ठेवायचं असेल, तर माझं ते वाक्य पुराव्याला वापरू नका.”

रांगेतल्या एका आजीबाईंनी आपली किटली ओट्यावर आदळल्यासारखी ठेवली. “माजं दूध नासायलं. आमी हितं दूध घालतो त्ये ही खरं लिव्हती म्हनून. कुंकू कुटं लावलं त्ये बघाया न्हाई घालत.” आणि बाईंना म्हणाल्या, “घे गं, नंबर घे माजा.”

बाईंनी नंबर घेतला.

मी खाच स्पिरिटने पुन्हा पुन्हा साफ केली, मऊ ब्रशने टाचण्यांमधली घाण काढली, वाळू दिली, दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि चाचणी लावली. कॉम्प्रेसर धडधडत होता, कपातला गार चहा थरथरत होता, पडदा स्वच्छ होता. या वेळी मी लवकर उठलो नाही. शेवटचा कॅन रिकामा होऊन ओटा धुतला जाईपर्यंत बसून राहिलो. बाई कागदावरच्या नोंदी संगणकात भरू लागल्या तेव्हाच मी हत्यारे आवरली. तो लाल कापूस टाकून देऊ का, असे मी विचारले. त्यांनी तो उचलून खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवला.

संध्याकाळी मला कोणी बोलावले नव्हते, तरी मी बैठकीला गेलो. सकाळी जे सांगितले तेच पुन्हा सांगितले, तेवढ्याच हळू आवाजात. फक्त या वेळी खोलीत शांतता होईपर्यंत थांबून. चेअरमननी सगळे ऐकले. आपल्या घरच्यांच्या हातची पूजा पुरली नाही, हे त्यांना लागले असावे. पुढे बघू, म्हणाले. आमच्याकडे पुढे बघू म्हणजे विषय संपला. बाईंना कोणी तुम्ही राहा असे म्हटले नाही, जा असेही म्हणता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्चीवर होत्या, आणि त्यानंतरही.

त्या सकाळी मी फार मोठे काही केले असे मला वाटत नाही. आधीच पूर्ण तपासले असते, तर बाईंना आपली पहाटेची पूजा गावापुढे उघडी करावी लागली नसती, हे अजूनही अधूनमधून सलते. पण खरे सांगायचे तर त्यांना ते सलत असावे असे मला दिसले नाही.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. तसाच, नमस्कार न करता. उद्या पूजा आहे, म्हणाल्या, आणि कुंकू कुठे लावले तर यंत्राला बाधत नाही तेवढे सांगा. मी सांगितले की झाकण उघडू नका. पुढच्या बाजूला, चालू करायच्या बटणाच्या वर, कोरडे बोट लावा. तिथे आत काही जात नाही. बोलता बोलता लक्षात आले की ती जागा दारातून थेट दिसते, ओट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला. मी तसे म्हणालो.

“तितंच लावनार हुते, सर,” त्या म्हणाल्या. “मशिनला चालतंय का तेवडंच इचारलं.”